तुरीच्या भुसकटातलं युरोपियम

उमरग्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे आणि त्या प्रयोगशाळेत जगदेवी आहे. खरं तर हे उलटं सांगायला हवं. प्राध्यापक बदलले, टेबलं बदलली, गॅसच्या नळ्या दोनदा बदलल्या. जगदेवी मात्र तेवीस वर्षं तिथंच. पद परिचराचं, शिक्षण दहावी, तेही गणितात काठावर. दहाला कुलूप उघडायचं, बीकर धुवायचे, द्रावणं भरून ठेवायची, पोरांनी सांडलेलं आम्ल पुसायचं. नवी पोरं तिला ‘मावशी’ म्हणतात. पहिल्याच दिवशी ती सांगते, "तुझ्या आईला बहिणी किती हायत ते घरी विचारून ये. त्यात म्या न्हाय. ताई म्हण."

प्रयोगशाळेच्या दारातच एक काचेचं कपाट आहे. त्यात तुरटीचे, मोरचुदाचे स्फटिक मांडलेले. मोरचुदाचा एक निळा खडा तर मुठीएवढा, धारा अशा की सुरीनं कापल्यासारख्या. बाहेरचे परीक्षक आले की त्या कपाटापुढं थांबतात आणि विभागप्रमुख शिवकुमार सर सांगतात, "आमच्या विद्यार्थ्यांचं काम." विद्यार्थ्यांनी त्यातला एक खडाही वाढवलेला नाही. सगळे जगदेवीच्या हातचे. ज्याच्या हातचा खडा त्याचं नाव खालच्या चिठ्ठीवर लागावं, एवढंच तिचं म्हणणं. दर वर्षी ती ते बोलून दाखवायची, दर वर्षी सर "बघू, बघू" म्हणायचे, आणि चिठ्ठीवर फक्त ‘कॉपर सल्फेट’ राहायचं.

हा हात तिला बापाकडून आला. गुरुसिद्धप्पा खडीसाखर करायचे. साखरेचा पाक मोठ्या पातेल्यात ओतायचा, आत दोरे ताणायचे, वर गोणपाट टाकायचं आणि पातेलं गळ्यापर्यंत तुरीच्या भुसकटात गाडून ठेवायचं. मग त्या खोलीत कुणी पाय आपटायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. लहानपणी जगदेवी भावाशी भांडायला लागली की आप्पा कानडीत दटावायचे, "सुम्न कुंद्र!" गप बस. पाक जेवढा गप बसेल तेवढा खडा मोठा, असं त्यांचं सांगणं. कारखान्याची स्वस्त साखर आल्यावर भट्टी बंद पडली. जगदेवीचं लग्न झालं, नवरा ट्रकवर क्लिनर होता तो अपघातात गेला, आणि ती या कॉलेजात लागली. भुसकटाची सवय तिनं इथंही आणली. साठवणीच्या खोलीत मागच्या कोपऱ्यात पंधरा किलो तेलाचा एक रिकामा डबा, त्यात तुरीचं भुसकट, आणि त्यात गाडलेल्या बाटल्या. सरांना ते दिसायचं, पण त्यांनी त्याकडं कधी पाहिलं नाही.

मग निकिता आली.

निकिता तेर गावची. बाप बब्रुवान, घरी सात एकर, अर्धी जमीन तेरणा नदीच्या काठाला. घराण्यात पीएच.डी. म्हणजे काय हे सांगायलाच तिला दोन दिवाळ्या लागल्या. तिचा विषय होता दुर्मिळ मृदा धातूंची कार्बोक्झिलिक आम्लांबरोबरची संयुगं आणि त्यांच्या स्फटिकांची रचना. जगदेवीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "म्हंजे करायचं काय?"

"ताई, युरोपियम नावाचा धातू आहे. दुर्मिळ म्हणतात, पण तेवढा दुर्मिळ नाही. बाकीच्या भाऊबंदांतून वेगळा काढायला अवघड, एवढंच. त्याला आम्लाबरोबर जोडायचं."

"कुठलं आम्ल? बाटल्या धुणारीला म्हायती पायजे."

"चिंचेत असतं ना आंबट, त्याच गोतावळ्यातलं. लोणचं टिकवायला घालतात त्याची बहीण."

"मग जोड की. दीड वर्ष पुरंल का?"

हे ती गमतीनं म्हणाली होती, पण झालं तसंच. युरोपियम आणि आम्ल एकत्र आलं की रातोरात पांढरी भुकटी तळाला बसायची. जांभळा, अतिनील किरणांचा दिवा धरला की ती लाल चमकायची, म्हणजे संयुग झालेलं होतं. पण अणू कसे बसलेत हे कळायला क्ष-किरणांच्या यंत्रात एक अखंड खडा ठेवावा लागतो. मोहरीच्या दाण्याहून लहान चालेल, पण खडा हवा, भुकटी नको. निकितानं पाणी बदललं, अल्कोहोल बदललं, झाकणाला कधी दोन भोकं पाडली, कधी सहा. बाटल्या खिडकीत ठेवल्या. रोज सकाळी येऊन त्या उचलून उजेडात धरायच्या, हा तिचा नेम. रोज भुकटी.

शिष्यवृत्ती जूनमध्ये संपणार होती. एका दुपारी ती टेबलावर डोकं टेकून बसलेली दिसली तेव्हा जगदेवीनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"त्याला रोज उचलून बघतीस. झोपलेल्या लेकराला रोज उठवून ‘झोपलास का’ विचारलं तर ते झोपंल व्हय?"

"मग काय करू?"

"गरम गरम दे माझ्याकडं. पातळ कर अजून. अन् एकवीस दिवस तोंड बंद."

बाटली भुसकटात गाडली गेली. साठवणीच्या खोलीची किल्ली जगदेवीच्या कमरेला. निकिता दोनदा दाराशी येऊन गेली, दोन्हीदा शिव्या खाऊन परत. बाविसाव्या दिवशी जगदेवीनं आंघोळ करून, गळ्यातल्या लिंगाची पूजा उरकून, उपाशीपोटी डबा उघडला. बाटलीच्या तळाला सात-आठ खडे होते. पाण्यासारखे स्वच्छ, चपटे, साबुदाण्याएवढे. जांभळ्या दिव्याखाली धरले तर निखारे. निकितानं तिला मिठी मारली. जगदेवी म्हणाली, "सोड, हाताला आम्ल हाय," पण सोडवून घेतलं नाही.

आणि तिथंच ती चुकली. खडीसाखर झाली की दोरे पाकातून काढून वाळवायचे असतात; ओली राहिली तर चिकटते, पिवळी पडते. जगदेवीनं तेच केलं. खडे चिमट्यानं काढले, टिपकागदावर दिवसभर वाळवले, कुंकवाच्या नव्या डबीत कापसावर ठेवले आणि निकिताला हैदराबादच्या गाडीत बसवून दिलं. तिथल्या संस्थेत यंत्राची पाळी मिळायला चार महिने लागले होते. यंत्रावरच्या माणसानं डबी उघडली आणि म्हणाला, "मॅडम, ये तो चूना है." खडे आकारानं तसेच होते, पण पांढरे फटक. सुईनं शिवलं की भुगा. त्यांच्या पोटात पाण्याचे, अल्कोहोलचे कण अडकलेले असतात, त्यांच्याच आधारावर खडा उभा असतो. वाळवला की ते उडून जातात आणि खडा ढासळतो.

निकिताचा फोन आला तेव्हा जगदेवी बसस्टँडवर भाजी घेत होती. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाळवले म्या. माझं चुकलं. तू रडू नकोस, सरांना माझं नाव सांग." दुसऱ्या दिवशी निकितानं सांगायच्या आधी तिनंच सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं. सर चिडले नाहीत, पण म्हणाले, "जगदेवीबाई, म्हणूनच म्हणतो, ज्याचं काम त्यानं करावं." हे तिला शिवीहून जास्त लागलं.

पुढची पाळी मार्चअखेर. या वेळी खडे बाटलीतच, त्यांच्याच पाण्यात, आणि बाटली भुसकटाच्या छोट्या डब्यात. डबा घेऊन जगदेवी स्वतः निघाली, रजा टाकून. कंडक्टरनं डबा बघितला.

"आक्का, काय हाय यात?"

"भुसकट."

"हैदराबादला भुसकट? म्हैस ठिवलीय काय तिकडं?"

"व्हय. लई मोठी हाय, करंट खाती. तिकीट फाड."

सहा तास डबा मांडीवर. खड्डा आला की ती सीटवरून अर्धी उठायची, धक्का गुडघ्यात जिरवायची. यंत्रावरच्या माणसानं एक खडा थेट बाटलीतून काढला, तेलाच्या थेंबात बुडवला, दोऱ्याच्या टोकाएवढ्या फासात धरला आणि थंड हवेच्या झोतात ठेवला. संध्याकाळी म्हणाला, "बढ़िया क्रिस्टल है. किसने बनाया?" निकितानं बोट दाखवलं. त्यानं जगदेवीच्या साडीकडं पाहिलं, हातातल्या डब्याकडं पाहिलं, आणि चहा मागवला.

रचना आली. सरांनी रंगीत गोळ्यांचा सापळा जोडून टेबलावर ठेवला. दोन युरोपियम समोरासमोर. मध्ये आम्लाचे चार रेणू, प्रत्येकाचा एक ऑक्सिजन या धातूला धरून आणि दुसरा त्या धातूला. बाहेरच्या बाजूला दोघांनाही आणखी एकेक आम्ल आणि पाण्याचे दोन-दोन रेणू.

"फुगडी हाय की ही," जगदेवी म्हणाली. "दोघी जणी हात धरून. अन् ह्या बाहेरच्या, पाणी पाजाय उभ्या."

सर हसले आणि वर्गात तीच उपमा दिली. स्वतःची म्हणून दिली, हे सांगायला हवं.

एप्रिलमध्ये शोधनिबंध परदेशातल्या एका नियतकालिकाकडं गेला. पाठवायच्या दिवशी जगदेवीनं निकिताला विचारलं, "माझ्या डब्याचं काय लिवलं?"

निकितानं नजर खाली घातली. "ताई, तसं लिहीत नसतात. लिहिलंय, द्रावण खोलीच्या तापमानाला ठेवून सावकाश बाष्पीभवन, तीन आठवडे."

"खोलीच्या? ह्या खोलीच्या? दीड वर्ष ह्या खोलीत काय झालं तुझं?"

ती तडक सरांकडं गेली. दार वाजवलं नाही.

"सर, ही गोष्ट खोटी लिवलीय."

"खोटी नाही हो. पद्धत असते लिहायची. भुसकटाचा डबा कसा लिहिणार? हसतील लोक. शेवटी तुमचे आभार मानलेत ना, बघा, नाव आहे."

"आभार लग्नात आहेर आणणाऱ्याचे मानतात. म्या काम केलंय. चुकले तवा माझं नाव पुढं होतं, म्या सोताहून सांगितलं. आता जमलं तर खोलीचं नाव?"

सर म्हणाले, उशीर झाला, निबंध गेला. जगदेवीनं कमरेची किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, साठवणीच्या खोलीतून तेलाचा डबा उचलला आणि घरी नेला. डबा तिचा होता, भुसकट तिचं होतं. नोकरीत बसतं ते काम ती करत राहिली. बीकर असे धुवायची की त्यात तोंड दिसावं. खडे वाढवणं नोकरीत बसत नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षणाचं उत्तर आलं. परीक्षकाचं नाव कळत नाही, पण माणूस स्वतःच्या हातानं खडे वाढवणारा होता. त्यानं लिहिलं होतं: रचना चांगली आहे. मात्र आम्ही अशा संयुगांची द्रावणं खोलीच्या तापमानाला ठेवली आहेत, आम्हाला भुकटीच मिळते. खडे नेमके कसे वाढवले ते सविस्तर लिहा. आणि युरोपियमच्या जागी त्याचाच भाऊबंद टर्बियम घालून तोच खडा पुन्हा करून दाखवा. मुदत साठ दिवस.

निकितानं टर्बियमचं द्रावण केलं. थर्माकोलच्या खोक्यात ठेवलं, कापसात ठेवलं, घरून आणलेल्या गव्हाच्या कोंड्यात ठेवलं. कोंड्याला किडे झाले. दहा दिवसांनी तिन्हीकडं भुकटी. अकराव्या दिवशी ती जगदेवीच्या घरी गेली. जगदेवी भाकरी थापत होती. बस म्हणाली नाही, पण पाट पुढं सरकवला.

"ताई, डबा द्या."

"सरांनी धाडलं?"

"नाही. मीच आले."

"लिवणार का खरं?"

"मी लिहीन. पण परीक्षकाला ‘तुरीचं भुसकट’ एवढं सांगून नाही भागणार. का जमतं ते मोजून द्यावं लागेल. डब्यात तापमापक घालावा लागेल, रोज सात वेळा बघावं लागेल. आणि तुम्हाला ते चालणार नाही, मला माहितीय."

भाकरी तव्यावर फुगून आली, एका बाजूनं करपली तरी जगदेवीनं उलटली नाही. तिच्या सगळ्या कामाचा पाया एकच होता: गाडलेल्याला हात लावायचा नाही. तेवीस वर्षं तिनं त्यावर लोकांना शिव्या दिल्या होत्या. आता नाव हवं तर तेच मोडायला हवं होतं.

"तार लांब हाय का तापमापकाची?" तिनं विचारलं.

"आहे. काट्याचा भाग बाहेर ठेवता येईल."

"मग एकदाच गाडू. बघायचं बाहेरून. आवाज न करता."

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. एक तापमापक भुसकटात, एक टेबलावर. मेचं ऊन, त्यात दुपारी वीज जायची आणि पंखे बंद. टेबलावरचा काटा पहाटे चोविसावर, दुपारी एकेचाळिसावर. भुसकटातला तेहेतिसाच्या आसपास, दिवसभरात दीड अंशाच्या वर हलला नाही. निकितानं आलेख काढला: एक रेघ डोंगरासारखी, दुसरी रानातल्या सपाट वाटेसारखी. दुपारी तापून विरघळायचं, रात्री गारठून एकदम खाली बसायचं, म्हणून खोलीत भुकटी. भुसकटात वर-खाली काही नाही, म्हणून खडा. थर्माकोलचं खोकं लहान आणि पातळ होतं, कापूस आणि कोंडाही बोटभरच. डब्यातलं भुसकट बाटलीच्या चहूबाजूंनी वीतभर.

"म्हणजे हलवण्याबिलवण्याचा फार संबंध नाही," निकिता जपून म्हणाली. "गरम-गार होण्याचाच आहे."

"आप्पा सांगायचे ते चूक व्हय?"

"आप्पांचं काम बरोबर होतं. कारण वेगळं होतं."

पटलं असं जगदेवी म्हणाली नाही. पण त्या दिवसानंतर साठवणीच्या खोलीत पोरं बोलली तर तिनं दटावलं नाही, आणि दार मात्र पहिल्यासारखंच बंद ठेवलं. टर्बियमचे खडे एकविसाव्या दिवशी निघाले. जांभळ्या दिव्याखाली हिरवेगार. यंत्राच्या माणसानं या वेळी पाळी न बघता लावून दिले.

सरांनी आलेख पाहिला आणि सुधारलेला मजकूर स्वतः लिहिला. पद्धतीच्या परिच्छेदात पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आला, तुरीचं भुसकट आलं, वीतभर थराची जाडी सेंटिमीटरमध्ये आली. लेखकांच्या नावांत निकितानंतर जगदेवीचं नाव, मग सरांचं. सर ते दाखवायला स्वतः प्रयोगशाळेत आले. माफी मागितली नाही. म्हणाले, "आता ठीक?" जगदेवी म्हणाली, "कपाटातल्या चिठ्ठ्या पण बघा," आणि परत नळाकडं वळली.

पण काम संपलं नव्हतं. नियतकालिकाचा नियम असा की नवं नाव वाढवलं तर त्या लेखकाला थेट मेल येतो: हा मजकूर तुम्ही वाचला आहे का, तो खरा आहे याची जबाबदारी घेता का, होय असेल तर खालचं बटण दाबा. जगदेवीला मेलचा पत्ताच नव्हता. तो निकितानं जगदेवीच्याच फोनवर काढून दिला. मुदतीचे चार दिवस उरले होते.

"दाबा ताई इथं."

"काय लिवलंय?"

"की तुम्ही सगळं वाचलंय."

"कुठं वाचलंय?"

"अहो, ते सगळेच दाबतात. इंग्रजीत आहे, बारा पानं आहेत."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. न वाचता सही म्या सासऱ्यांच्या कागदावर पण केली न्हवती. सांग मराठीत. पयल्या पानापास्नं."

सरांनी निरोप पाठवला की मुदत जाईल. जगदेवीनं उलटा निरोप पाठवला की मग आजच बसू. तीन दुपारी दोघी साठवणीच्या खोलीत बसल्या. निकिता एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. तिलाही पहिल्यांदाच कळत होतं की आपण लिहिलेली काही वाक्यं आपल्यालाच सांगता येत नाहीत. अंतरांचे तक्ते जगदेवीनं सोडून दिले नाहीत. "ह्या युरोपियमपास्नं त्या युरोपियमपर्यंत किती? अन् टर्बियमचं? कमी का?" टर्बियम अंगानं थोडा लहान, म्हणून फुगडी जवळची, हे तिला पटलं तेव्हा ती पुढं गेली.

तिसऱ्या दुपारी पद्धतीचा परिच्छेद आला. निकितानं वाचलं, "खडे गाळून घेतले, अल्कोहोलनं धुतले आणि हवेत वाळवले."

"कुणी वाळवले?"

हे वाक्य सरांच्या जुन्या निबंधातून आलं होतं. त्यांच्या प्रत्येक निबंधात ते असायचंच.

"वाळवले ते म्या, पयल्या खेपंला, अन् त्यांचा चुना झाला. हे असं छापलं तर दुसरीकडली पोरगी वाळवंल अन् तिचा पण चुना. पाण्यातच ठिवायचे, तेलात बुडवून यंत्रावर न्यायचे, असं लिव. अन् वाळवले तर पांढरे पडतात, आमी करून बघितलंय, हे पण लिव."

"ताई, आपली चूक लिहायची?"

"चूक म्या केलीय, तुला कशाची लाज?"

निकिता लॅपटॉप उचलून सरांकडं गेली. अर्ध्या तासानं सर स्वतः आले, चष्मा कपाळावर. त्यांनी वाक्य काढून दोन नवी वाक्यं घातली होती. ती त्यांनीच मराठीत सांगितली, सावकाश, आणि जगदेवीचं तोंड बघत उभे राहिले.

"पांढरे किती वेळात पडतात ते लिवलं न्हाय," ती म्हणाली.

"किती वेळात?"

"दोन तासांत कडा. संध्याकाळपतुर सगळा."

सरांनी तिथंच उभ्या उभ्या ते घातलं, संपादकाला नवा मजकूर पाठवला आणि नवा मेल मागवला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मुदतीचा शेवटचा दिवस होता. जगदेवीनं हात साबणानं धुतले, पदराला पुसले, फोन हातात घेतला, बदललेली तेवढी वाक्यं निकिताकडून पुन्हा एकदा ऐकली आणि बटण दाबलं.